‘ग्राफीन बॅटरी’ म्हणजे नक्की काय? प्रयोगशाळेतला हजाराचा आकडा स्कूटरपर्यंत का पोहोचत नाही

लायसन्स आणि पासिंगची भानगड नसलेली कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला गेलात, की दुकानदार बॅटरीचे पर्याय सांगतो. साधी लेड-ॲसिड स्वस्त, लिथियम महाग आणि या दोघींच्या मधल्या भावात ‘ग्राफीन’. नाव ऐकून गिऱ्हाइकाला वाटतं, ही तर लिथियमच्याही पुढची गोष्ट दिसते. त्यात मोबाइलवर रील्स फिरत असतात, ‘ग्राफीन बॅटरी आली, १२ मिनिटांत फुल चार्ज’. छत्रपती संभाजीनगरमध्ये या विषयाची चर्चा जरा जास्तच होते, कारण शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक पट्ट्यात इलेक्ट्रिक गाड्यांचे मोठे प्रकल्प जाहीर झालेत.

मग हे ग्राफीन खरंच बॅटरीत असतं का? तर असतं, पण दुकानातलं ग्राफीन वेगळं, रीलमधलं वेगळं आणि शास्त्रज्ञ ज्यावर गेली पंधरा-सोळा वर्षं शोधनिबंध लिहितायत ते आणखी वेगळं.

आधी दुकानातलं ग्राफीन

याचा निकाल लवकर लागतो. कमी वेगाच्या स्कूटरसोबत ‘ग्राफीन’ म्हणून मिळणारी बॅटरी बहुतेक वेळा लेड-ॲसिडच असते. म्हणजे आत शिसं आणि गंधकाम्ल, इन्व्हर्टरच्या बॅटरीत असतं तेच. शिशाच्या प्लेटमध्ये कार्बनचा थोडा अंश मिसळलेला असतो आणि त्याला ग्राफीन म्हटलं जातं. कार्बन मिसळल्याने लेड-ॲसिड बॅटरी थोडी जास्त टिकू शकते, हे खरं. पण त्याने ती लिथियम बॅटरी होत नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन. ६० व्होल्ट, ३२ अँपिअर-तास असं लिहिलेलं असेल आणि सीटखाली १२ व्होल्टचे पाच ठोकळे वायरने जोडलेले दिसले, तर ते शिसंच आहे. या पाच ठोकळ्यांचं वजन चाळीस-पन्नास किलोच्या घरात जातं. तेवढीच वीज साठवणारा लिथियम पॅक साधारण बारा ते पंधरा किलोचा असतो.

रीलमधल्या १२ मिनिटांमागे मात्र खरं संशोधन आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सॅमसंगच्या संशोधन संस्थेने ‘ग्राफीन बॉल’ नावाचा पदार्थ जाहीर केला. वाळूत असतं तेच सिलिका घेऊन त्याच्या अतिसूक्ष्म कणांवर ग्राफीन वाढवायचं आणि ते लिथियम बॅटरीच्या इलेक्ट्रोडवर वापरायचं, अशी ती कल्पना. क्षमता ४५ टक्के जास्त आणि चार्जिंग पाचपट वेगाने, असा दावा होता. १२ मिनिटांचा आकडा तेव्हाचा आहे. त्या बॅटरीचा सॅमसंग फोन अजून दुकानात आलेला नाही, रील मात्र दरवर्षी नव्याने येते.

ग्राफीन आणि ग्राफाइट

पेन्सिलीतलं शिसं हे खरं तर शिसं नसतंच. ते ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बन. चिरोट्याला जसे पापुद्रे असतात तसे ग्राफाइटमध्ये कार्बनचे थर एकमेकांवर रचलेले असतात. त्यातला एकच, फक्त एका अणूच्या जाडीचा पापुद्रा सुटा केला की ते ग्राफीन. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो सुटा करून दाखवला, तोही चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून. २०१० मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. हा पापुद्रा वजनाला नगण्य, ताणायला प्रचंड चिवट आणि वीज वाहून नेण्यात तरबेज असतो.

आता लिथियम बॅटरीच्या आत काय चालतं ते पाहू. एका बाजूला कॅथोड, दुसऱ्या बाजूला ॲनोड, मध्ये द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून ॲनोडमध्ये जाऊन बसतात आणि गाडी चालवताना परत येतात. सोनीने १९९१ मध्ये ही बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. तेव्हापासून कॅथोडमध्ये बरेच बदल झाले, पण ॲनोडच्या जागी आजही बहुतांश ग्राफाइटच बसतं. लिथियमचे आयन त्याच्या पापुद्र्यांमध्ये शिरतात आणि बाहेर पडतात. ग्राफाइट जेमतेम दहा टक्के फुगतं, तुटत नाही, म्हणून हजारो वेळा हे चालतं.

अडचण जागेची आहे. कार्बनच्या सहा अणूंमागे लिथियमचा एकच आयन बसतो. त्यामुळे एक ग्रॅम ग्राफाइट जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास एवढाच विद्युतभार साठवू शकतं. ही मर्यादा निसर्गाने घातलेली आहे, कारखाना कितीही चांगला असला तरी ती ओलांडता येत नाही.

गंजातून बॅटरी

२००० साली फ्रान्समधल्या ज्याँ-मारी तारास्कों यांच्या गटाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. कोबाल्ट, निकेल, लोखंड अशा धातूंच्या ऑक्साइडचे नॅनो आकाराचे कण ॲनोड म्हणून वापरले, तर ग्रॅममागे ७०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत क्षमता मिळते, असं त्यांनी दाखवलं. ग्राफाइटच्या जवळजवळ दुप्पट.

इथे लिथियम पापुद्र्यात जाऊन बसत नाही, तर थेट रासायनिक अभिक्रिया होते. लोखंडाच्या ऑक्साइडचंच उदाहरण घ्या, ज्याला रोजच्या भाषेत गंज म्हणतात. लिथियम येतं, ऑक्सिजनला स्वतःकडे ओढतं आणि मागे शुद्ध लोखंडाचे कण उरतात. परत जाताना सगळं उलट होतं. एका रेणूमागे लिथियमचे सहा आयन कामाला लागतात, म्हणून आयर्न ऑक्साइडची कागदावरची क्षमता ग्रॅममागे १००७ मिलिअँपिअर-तास निघते. मँगनीज डायऑक्साइडची तर १२००च्या पुढे जाते. शिवाय लोखंड स्वस्त, मँगनीज स्वस्त, दोन्ही भारतात मिळतात.

मग अडलं कुठे? मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर पाया नीट न घेता घर बांधलं तर भिंतीही तडकतात. धातूच्या ऑक्साइडचे कण असेच वागतात. लिथियम आत आलं की आयर्न ऑक्साइडचा कण जवळपास दुप्पट होतो. टिन ऑक्साइडमध्ये तयार होणारं कथील तर तिपटीहून जास्त फुगतं. लिथियम गेलं की पुन्हा आकसतं. पावसाळा-उन्हाळ्याचं हे चक्र बॅटरीत रोज होतं. थोड्याच दिवसांत कणांचे तुकडे पडतात आणि तांब्याच्या पत्र्याशी, म्हणजे वीज बाहेर नेणाऱ्या भागाशी, त्यांचा संबंध तुटतो.

दुसरा त्रास पृष्ठभागाचा. दुधावर साय धरते तसा ॲनोडच्या कणांवर एक पातळ थर धरतो. हा थर गरजेचा असतो, पण तो तयार होताना लिथियम खर्च होतं. कण तडकला की आतला कोरा भाग उघडा पडतो, त्यावर नवी साय धरते, पुन्हा लिथियम खर्च. त्यात हे ऑक्साइड विजेचे चांगले वाहकही नाहीत.

इथे ग्राफीन कामाला येतं

ग्राफीनच्या पापुद्र्यांवर ऑक्साइडचे नॅनो कण वाढवले तर? पापुद्रा वीज वाहून नेतो. तो लवचिक असल्याने कण फुगला तरी त्याला सांभाळून घेतो. कण तुटला तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात, संबंध सुटत नाही. उलट बाजूने ऑक्साइडचे कणही ग्राफीनवर उपकार करतात. सुटे पापुद्रे एकमेकांवर बसून पुन्हा ग्राफाइट व्हायला टपलेले असतात, मध्ये कण असले की ते जमत नाही. दोघांनी एकमेकांची खोड झाकायची, असा हा संसार आहे. शास्त्रीय भाषेत याला कंपोझिट म्हणतात.

फरक किती पडतो? जपानमध्ये २००९ साली झालेला टिन ऑक्साइडचा एक प्रयोग या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. नुसत्या टिन ऑक्साइडची क्षमता सुरुवातीला ५५० होती, १५ वेळा चार्ज-डिस्चार्ज केल्यावर ती ६० वर आली. ग्राफीनसोबतच्या टिन ऑक्साइडची क्षमता ८१० पासून सुरू झाली आणि ३० फेऱ्यांनंतरही ५७० राहिली. पुढच्याच वर्षी चीनमधल्या संशोधकांनी कोबाल्ट ऑक्साइड आणि ग्राफीनच्या जोडीने ३० फेऱ्यांनंतर ९३५ चा आकडा दाखवला. मग जगभर रांगच लागली. लोखंड, मँगनीज, निकेल, तांबं, मॉलिब्डेनम, ज्याच्या हाताला जो धातू लागला त्याचं ऑक्साइड ग्राफीनवर बसवून पाहिलं गेलं.

भारतातल्या प्रयोगशाळांनी हा विषय उचलला यामागे एक व्यवहारी कारणही आहे. यासाठी कोट्यवधींचा कारखाना लागत नाही. चिकटपट्टीची पद्धत शोधापुरती ठीक, पण इथे वापरतात १९५८ ची हमर्स पद्धत. ग्राफाइटची भुकटी, तीव्र गंधकाम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांच्यापासून आधी ग्राफीन ऑक्साइड बनवायचं. मग ते धातूच्या क्षारासोबत पाण्यात मिसळून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या बंद स्टीलच्या भांड्यात भरायचं आणि ओव्हनमध्ये दीड-दोनशे अंशांवर काही तास, बहुधा रात्रभर, ठेवायचं. हे भांडं म्हणजे प्रयोगशाळेतला प्रेशर कुकरच, फक्त शिट्टी नसलेला. यातून ऑक्साइडचे कण तयार होतात आणि ग्राफीन ऑक्साइडमधला बराचसा ऑक्सिजनही निघून जातो.

संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाने फेराइट या पदार्थांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. फेराइट म्हणजे लोखंड आणि आणखी एखाद्या धातूचं मिश्र ऑक्साइड. त्यांचा अभ्यास मुख्यतः चुंबकीय गुणांसाठी होत आला, पण झिंक फेराइट आणि कोबाल्ट फेराइट ही दोन्ही नावं ॲनोडच्या शर्यतीतही आहेत. झिंक फेराइटची कागदावरची क्षमता हजाराच्या आसपास भरते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट या केंद्र सरकारच्या संस्थाही बॅटरीच्या पदार्थांवर काम करतात. म्हणजे ज्ञान जवळपास आहे. पण शोधनिबंधातला हजारचा आकडा आणि स्कूटरमधली बॅटरी यांच्यात बरंच अंतर आहे, आणि ते केवळ ‘आपल्याकडे पैसा नाही’ म्हणून पडलेलं नाही.

हजाराच्या आकड्याची गोम

प्रयोगशाळेत हे पदार्थ तपासायला नाण्याएवढा छोटा सेल बनवतात, मनगटी घड्याळात असतो तसा. त्यात एका बाजूला नवा पदार्थ आणि समोर शुद्ध लिथियम धातूची चकती असते. याला अर्धा सेल म्हणतात. चकतीत लिथियम गरजेपेक्षा कितीतरी जास्त असल्याने, साय धरण्यात कितीही वाया गेलं तरी तूट भरून निघते. खऱ्या बॅटरीत लिथियमचा साठा ठरलेला असतो, तो कॅथोडमध्येच आणलेला असतो. ग्राफीन आणि धातू-ऑक्साइडच्या अनेक कंपोझिटमध्ये पहिल्याच चार्जला पाव ते एक तृतीयांश लिथियम कायमचं अडकून पडतं. ग्राफाइटमध्ये हे नुकसान दहा टक्क्यांच्या आत असतं. खऱ्या बॅटरीत पहिल्या दिवशी एवढी तूट म्हणजे गाडी शोरूममधून निघतानाच रेंज घटलेली.

दुसरी गोष्ट थराच्या जाडीची. प्रयोगशाळेत तांब्याच्या पत्र्यावर दर चौरस सेंटिमीटरला एक-दोन मिलिग्रॅम पदार्थ लावून मोजमाप करतात. कारखान्यात याच्या कितीतरी पट जाड थर लागतो, नाहीतर बॅटरीच्या वजनात पत्रा आणि द्रवाचाच वाटा जास्त होतो. पातळ थरात तुरुतुरु पळणारे आयन जाड थरात अडकतात. शिवाय ग्राफीनची भुकटी पिंजलेल्या कापसासारखी असते. ग्रॅममागे आकडा मोठा दिसतो, पण एक ग्रॅम भरायला जागा खूप लागते आणि स्कूटरच्या सीटखाली जागा मोजकीच.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि नेमकी तिच्याबद्दल रीलवाले कधीच बोलत नाहीत. ती म्हणजे व्होल्टेज. बॅटरीत साठलेली ऊर्जा म्हणजे विद्युतभार गुणिले व्होल्टेज. कॅथोड आणि ॲनोड यांच्या पातळीतला फरक हे सेलचं व्होल्टेज. पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. टाकी मोठी असून उपयोग नाही, ती उंचावर पाहिजे, तरच नळाला जोर येतो. ग्राफाइटची पातळी लिथियमच्या अगदी जवळ, म्हणजे ०.१ ते ०.२ व्होल्टवर असते, त्यामुळे सेलला ३.६-३.७ व्होल्ट मिळतात. आयर्न ऑक्साइड किंवा कोबाल्ट ऑक्साइड मात्र लिथियम परत देताना दीड ते दोन व्होल्टच्या घरात असतात. मग सेलला उरतात साधारण दोन व्होल्ट.

थोडं ढोबळ गणित करून पाहा. कॅथोडची क्षमता ग्रॅममागे १८० धरली आणि ॲनोड ग्राफाइटचा, म्हणजे ३७२ चा असेल, तर दोन्हींच्या एकत्रित वजनावर ग्रॅममागे १२१ मिलिअँपिअर-तास मिळतात. ॲनोड थेट १००० चा केला तर? दुप्पट-तिप्पट नाही, १५२ मिळतात, कारण कॅथोडचं वजन तेवढंच राहतं. आता व्होल्टेजने गुणा. ग्राफाइटवाला सेल १२१ गुणिले ३.६५, म्हणजे ग्रॅममागे सुमारे ४४० मिलिवॅट-तास. ऑक्साइडवाला १५२ गुणिले २, म्हणजे सुमारे ३०५. ॲनोडची क्षमता अडीचपटीहून जास्त वाढवली आणि ऊर्जा उलट कमी झाली!

यात भर म्हणजे या ऑक्साइडना चार्ज करताना लागणारं आणि परत मिळणारं व्होल्टेज यांत मोठी तफावत असते. घातलेल्या विजेचा चांगलाच भाग उष्णतेत जातो. दहा रुपयांची वीज भरून सहा-सात रुपयांची परत मिळाली तर घराचं मीटर बघणारा माणूस काय म्हणेल? टिन ऑक्साइडची स्थिती व्होल्टेजच्या बाबतीत यापेक्षा बरी आहे, पण फुगण्याचा त्रास त्याचाच सगळ्यात जास्त. जपानच्या फुजी उद्योगसमूहाने १९९० च्या दशकात टिन ऑक्साइडवर आधारित बॅटरीची तयारी केली होती. ती बाजारात टिकली नाही.

हे सगळं शास्त्रज्ञांना माहीत आहे. २०१५ मध्येच ‘नेचर मटेरियल्स’मध्ये ऊर्जा साठवणुकीतल्या ग्राफीनच्या भूमिकेचा एक सविस्तर आढावा आला होता आणि त्याने भारावून न जाता हिशेब मांडला होता. तरीही हजाराचे आकडे असलेले निबंध येत राहिले, कारण अर्ध्या सेलमध्ये ते आकडे खरेच असतात. खोटं कुणी बोलत नाही, फक्त त्या आकड्याचा अर्थ स्कूटरच्या रेंजसारखा घ्यायचा नसतो.

मग बाजारात पोहोचलं काय?

धातूच्या ऑक्साइडचा एक ॲनोड यशस्वी झाला, पण त्याची क्षमता ग्राफाइटच्या निम्मीही नाही. लिथियम टायटेनेट, ग्रॅममागे १७५. त्याचा गुण वेगळाच आहे. लिथियम आत गेलं तरी तो जवळपास अजिबात फुगत नाही. त्यामुळे तो हजारो फेऱ्या टिकतो, झटपट चार्ज होतो आणि थंडीतही चालतो. जपानच्या तोशिबाने २००८ मध्ये या प्रकारची बॅटरी बाजारात आणली. तोशिबा, डेन्सो आणि सुझुकी यांच्या संयुक्त कंपनीचा कारखाना गुजरातमध्ये हंसलपूरला आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीसाठी इलेक्ट्रोड बनवण्याचं उद्घाटन झालं.

ग्राफीनचा खपही होतो, पण नायक म्हणून नाही. इलेक्ट्रोडच्या लेपात वीज नीट पसरावी म्हणून अगदी थोड्या प्रमाणात कार्बनची भुकटी मिसळावी लागते. त्या जागी ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूब घातली तर कमी भुकटीत काम भागतं. भाजीतल्या हिंगाएवढं त्याचं प्रमाण असतं. पण ‘आमच्या बॅटरीत चिमूटभर ग्राफीन आहे’ असं लिहून जाहिरात होत नाही.

बिडकीनला यातलं काय बनणार?

जून २०२४ मध्ये एथर एनर्जीने बिडकीनला प्रकल्प उभारण्याचं जाहीर झालं. गुंतवणूक २००० कोटींच्या वर, क्षमता वर्षाला १० लाख स्कूटर आणि १० लाख बॅटरी पॅकपर्यंत. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी संभाजीनगरमधल्या सुमारे २०,००० कोटींच्या प्रकल्पासाठी करार केला.

यात ‘बॅटरी पॅक’ हा शब्द नीट वाचायला हवा. पॅक म्हणजे तयार सेल आणून ते जोडणं, त्यांच्यावर लक्ष ठेवणारं सर्किट बसवणं, तापमान सांभाळणं आणि पेटीत बंद करणं. हे काम सोपं नाही, पेट घेणाऱ्या स्कूटर पाहिल्यावर ते कुणालाही पटेल. पण ॲनोड, कॅथोड, ग्राफाइट, ऑक्साइड हे सगळं सेलच्या आत असतं आणि भारतातल्या स्कूटर कंपन्या सेल बहुतांशी परदेशातून घेतात. सेल देशात बनावेत म्हणून केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली, उद्दिष्ट ५० गिगावॅट-तासांचं. प्रत्यक्ष उत्पादनाची चाल त्या मानाने बरीच संथ राहिली आहे.

ॲनोडचा प्रश्न नुसता प्रयोगशाळेपुरता राहत नाही तो इथे. बॅटरीच्या दर्जाचं ग्राफाइट तयार करण्यात जगातला ९० टक्क्यांहून जास्त वाटा चीनचा आहे. १ डिसेंबर २०२३ पासून चीनने काही प्रकारच्या ग्राफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. ग्राफाइटला पर्याय शोधणाऱ्या संशोधनाला त्यामुळे वेगळंच वजन आलं. लोखंड आणि मँगनीजसाठी कुणाच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या मॉइल या सरकारी कंपनीच्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं आणि ते विजेरीच्या साध्या सेलसाठी वापरलं जात आलं आहे. त्याच मूलद्रव्यापासून लिथियम बॅटरीचा कॅथोडही बनतो. ॲनोड म्हणून मात्र मँगनीज ऑक्साइडला व्होल्टेजचं गणित आधी सोडवावं लागेल, आणि त्याला ग्राफीनचा पापुद्रा पुरत नाही.

तोवर स्कूटर घेणाऱ्याने दुकानात ‘ग्राफीन आहे का’ हे विचारण्यात अर्थ नाही. बॅटरी लेड-ॲसिड आहे की लिथियम, लिथियम असेल तर एलएफपी की एनएमसी, वजन किती, वॉरंटी किती वर्षांची आणि त्यात क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून मिळणार, हे विचारावं आणि बिलावर लिहून घ्यावं. लेड-ॲसिडच्या फेऱ्या शेकड्यांत मोजतात, चांगल्या एलएफपीच्या हजारांत. ‘ग्राफीन’ बॅटरी साध्या लेड-ॲसिडपेक्षा दोन-तीन हजारांनी महाग आणि वॉरंटी मात्र तेवढीच असेल, तर ते पैसे स्टिकरचे आहेत.